हातबनावटीच्या सायकलीची रंगसंगती

सायकलीवर रंगवण्याजोगी जागा फार थोडी असते. मोटारीला पत्रा असतो, स्कूटरला पॅनेल असतात. सायकलीला असतात त्या जेमतेम इंच-सव्वा इंच जाडीच्या काही नळ्या. जुन्या मापाच्या पोलादी फ्रेममध्ये वरची दांडी २५.४ मिलिमीटर व्यासाची, खालची दांडी आणि सीटखालची नळी २८.६ मिलिमीटरची, आणि मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या तर बोटाएवढ्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून पलीकडची भिंत, झाड, रस्ता दिसत राहतो. म्हणून सायकलीचा रंग ठरवणे म्हणजे रेघांचा रंग ठरवणे. रंगांच्या नमुना-कार्डावरच्या चौकोनात देखणी दिसणारी छटा नळीवर चढली की बदलते. गोल नळीच्या माथ्यावर उजेडाची पांढरी धार येते, पोटाखाली सावली पडते, आणि मूळ छटा दिसायला उरतो तो मधला अरुंद पट्टा. अगदी फिकट रंग अशा वेळी पांढरेच वाटू लागतात. गडद जांभळा किंवा गडद हिरवा दहा पावलांवरून काळा भासतो. कार्डावर मनात भरलेल्या छटेपेक्षा नळीसाठी थोडी उजळ आणि थोडी भरघोस छटा निवडणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की सायकलीचा बराच मोठा भाग रंगाऱ्याच्या हातात नसतोच. टायर, रिम, आरे, चेन, क्रँक, ब्रेक, गिअर, हँडल, सीट, पायडल आपापला रंग घेऊन येतात. हातबनावटीची सायकल करवून घेणारी माणसे बहुधा फ्रेमच्या रंगापासून सुरुवात करतात आणि मग त्याला जुळणारे सुटे भाग शोधत फिरतात. क्रम उलटा हवा. जे रंगवता येत नाही ते आधी ठरवावे आणि उरलेल्या जागेचा रंग त्यावरून काढावा. बाजारात सुट्या भागांचे पर्याय मोजके असतात, रंगाऱ्याकडे छटा शेकड्यांनी असतात. अडचण जिथे आहे तिथूनच सुरुवात केलेली बरी.

टायरचेच पाहा. सुरुवातीच्या काळातले टायर पांढरट असत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रबरात कार्बन ब्लॅक सर्रास मिसळू लागले, टायर कितीतरी जास्त टिकू लागले आणि सायकलीच्या चित्रात दोन मोठी काळी वर्तुळे कायमची आली. त्या वर्तुळांची कडा पूर्ण काळी ठेवायची की बाजूने मधाच्या रंगाची घ्यायची, या एका निवडीने सायकलीचा सगळा नूर पालटतो. मधाळ कडा असलेल्या टायरबरोबर तपकिरी कातड्याची सीट आणि चंदेरी क्रँक-रिम शोभतात. त्यांच्यामध्ये गर्द हिरवा, मरून, मोरपिशी, फिकट आकाशी असे रंग चांगले बसतात. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीच्या मधाळ रंगाच्या सीटा वापराने आणि उन्हाने हळूहळू गडद तपकिरी होत जातात, हेही हिशेबात धरावे. पहिल्या दिवशी जुळलेला हँडलचा टेप दोन वर्षांनी सीटशी जुळेलच असे नाही. क्रीम रंगाचे टायर दुकानात मोहात पाडतात, पण ते मळतात. काळे टायर, काळे रिम आणि काळे गिअर यांच्यात फ्रेम हीच एकटी रंगीत गोष्ट उरते, म्हणून तिथे उजळ, स्वच्छ रंग हवा. काळ्या भागांमध्ये अर्धवट गडद फ्रेम ठेवली की सायकल पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक सरमिसळ काळोख उभा राहतो.

भारतात दोन-तीन पिढ्यांनी सायकल म्हणून जी पाहिली ती काळीच होती. १९४९ साली मद्रासला सुरू झालेली टी.आय. सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, वरळीची हिंद, १९५१ ची सोनीपतची ॲटलस, १९५६ ची लुधियान्याची हीरो, या सगळ्यांच्या उंच, सरळ दांडीच्या सायकलींचा ठसा इंग्लंडातून आला होता. भट्टीत भाजलेले काळे इनॅमल आणि त्यावर सोनेरी बारीक रेघा ही इंग्लंडमधल्या कारखान्यांची रीत होती. डांबरवर्गीय काळा लेप स्वस्त पडे, भाजल्यावर कडक होई आणि ओरखडे सहज दाखवीत नसे. तेव्हाचा काळा हा सोयीतून आलेला होता, तरी तो जुन्या सायकलींवर आजही सुंदर दिसतो, कारण त्याच्या जोडीला निकेल किंवा क्रोमचे चकचकीत हँडल, रिम आणि ती सोनेरी रेघ असे. पुण्याच्या कर्वेनगरमधल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात अशा सायकली जवळून पाहता येतात. रंग ठरवण्याआधी कार्डे चाळण्यापेक्षा अशा एखाद्या सायकलीपुढे अर्धा तास घालवणे अधिक उपयोगाचे.

युरोपात रंग ही कारखान्याची आणि संघाची ओळख झाली. एदोआर्दो बियांकी यांनी १८८५ मध्ये मिलानमध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा ‘चेलेस्ते’, म्हणजे आकाशी आणि हिरवट यांच्या मधला फिकट रंग, आज शंभर पावलांवरून ओळखू येतो. तो इटलीची राणी मार्गेरिता हिच्या डोळ्यांवरून घेतला, मिलानच्या आभाळावरून घेतला, की सैन्याचा उरलेला रंग मिसळून झाला, याच्या तिन्ही कथा सांगितल्या जातात. दशकागणिक त्याची छटा कधी हिरव्याकडे, कधी निळ्याकडे सरकत राहिली आहे, आणि तरीही तो चेलेस्तेच राहिला. १९४९ आणि १९५२ ची तूर द फ्रान्स जिंकणारा फाउस्तो कोप्पी बियांकीवर होता, त्यामुळे त्या रंगाला विजयाचा अर्थही चिकटला. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू एदी मेर्क्सने ज्या सायकलीवर एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ती एर्नेस्तो कोलनागो यांनी बांधलेली सायकल नारिंगी होती. तो त्याच्या मोल्तेनी संघाचा रंग. १९८० च्या दशकात ‘ला व्ही क्लेअर’ संघाने चित्रकार मोंद्रियान यांच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांवरून जर्सी केली. ती गाजली, कारण माणसाच्या पाठीपोटावर चौकोन मांडायला जागा असते. तोच नमुना नळीवर उतरवला की चौकोनांची कडी होते. कागदावर किंवा कापडावर शोभलेली कल्पना फ्रेमवर आणताना हा फरक नेहमी आडवा येतो.

रंग निवडताना बहुतेक चर्चा निळा की लाल अशी होते. डोळ्याला मात्र आधी दिसते ती उजळ आणि गडद यांमधली दरी. दोन रंग नावाने कितीही वेगळे असोत, त्यांची उजळी सारखी असेल तर दुरून ते एकमेकांत विरघळतात. मध्यम लाल आणि मध्यम हिरवा हे याचे नेहमीचे उदाहरण. तपासायची युक्ती सोपी आहे: निवडलेले भाग आणि रंगाचे नमुने शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढावा आणि तो काळापांढरा करून पाहावा. त्यात फ्रेम, पुढच्या चाकाला धरणारा चिमटा आणि टायर सुटे सुटे वाचता आले तर संगती उभी राहिली. सगळे एकाच करड्यात गेले तर रंगाचे नाव बदलून काही होणार नाही, उजळी बदलावी लागेल.

शेजारचा रंग शेजाऱ्याला बदलतो, ही गोष्ट फ्रान्समध्ये एका तक्रारीतून नीट तपासली गेली. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या सरकारी कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल अजेन शव्हरल यांच्याकडे काळ्या धाग्यात दम नाही अशी तक्रार आली. त्यांनी धागे तपासले तेव्हा काळा रंग चोख निघाला. निळ्या आणि जांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळे तो फिका दिसत होता. या अभ्यासाचे त्यांचे पुस्तक १८३९ मध्ये आले. सायकलीवर हे रोज घडते. गर्द निळ्या फ्रेमला लागून असलेला काळा क्रँक किंचित विटका, तपकिरीकडे झुकलेला दिसतो, आणि मालक क्रँकला दोष देतो. त्याच निळ्याशेजारी चंदेरी क्रँक लावला की दोन्ही उजळतात.

रंग किती असावेत याला नियम नाही, पण फ्रेमवर दोन आणि फार तर तिसरा रेघेपुरता, यापुढे गेलेल्या सायकली क्वचितच शोभतात. एकच रंग घेऊन तो मनापासून, स्वच्छ लावणे ही सगळ्यात कमी धोक्याची आणि बहुतेकदा सगळ्यात देखणी वाट आहे. दुसरा रंग घ्यायचाच असेल तर तो कुठे बदलायचा हा प्रश्न छटेपेक्षाही मोठा. फ्रेमची रचना त्याचे उत्तर देते. हँडलखालची आखूड नळी, चिमटा आणि सीटखालच्या नळीवरचा मधला पट्टा या तीन जागा जुन्या कारागिरांनी ठरवून दिलेल्या आहेत, कारण तिथे नळी संपते किंवा वळते आणि रंगाला थांबायला कारण मिळते. नळीच्या अधेमधे, काही कारण नसताना तिरका तुटलेला रंग काही वर्षांतच जुनाट वाटू लागतो. कमी उंचीच्या माणसासाठी बांधलेल्या लहान फ्रेममध्ये हँडलखालची नळी आधीच छोटी असते. ती वेगळ्या रंगाने तोडली की सायकल आणखी आखडते, म्हणून तिथे एकसंध रंग बरा. उंच फ्रेमला मात्र तोच वेगळा तुकडा लांबी सांभाळायला मदत करतो.

नळ्या जिथे जोडल्या जातात तिथे जुन्या पद्धतीच्या फ्रेमला लग असतात, म्हणजे नळीवर बसणारी, टोकाला कातलेली पोलादी खोळ. लंडनच्या हेचिन्सच्या फ्रेमवर या खोळींना वेलबुट्टीसारखी वळणे असत. लगची कडा बारीक वेगळ्या रंगाने आखणे हे सायकलरंगाऱ्याचे सगळ्यात कसबी काम, आणि त्याचा न्याय मराठी डोळ्याला समजवावा लागत नाही: साडीचे अंग आणि काठ यांचे जे नाते, तेच इथे. काठ अंगापेक्षा ठळक असतो, पण तो काठाएवढाच असतो. ही रेघ लांब केसांच्या बारीक ब्रशने ओढतात. रंगारी करंगळी नळीवर टेकवतो, मनगट घट्ट धरतो आणि हात खांद्यापासून हलवतो. ब्रश एकदा टेकला की कडा संपेपर्यंत उचलत नाही. खालचा रंग पूर्ण कडक झालेला असल्याने चुकलेली रेघ ओली असतानाच पुसून पुन्हा ओढता येते. वरून पारदर्शक थर चढला की मात्र ती जशी असेल तशी राहते. लग नसलेल्या, सरळ वेल्ड केलेल्या फ्रेमवर अशी आखणी ओढूनताणून आणू नये.

नाव किंवा अक्षरे लिहायची असतील तर त्यांचाही विचार रंगाबरोबरच करावा. देवनागरी नळीवर फार छान बसते, कारण शिरोरेघ दांडीला समांतर धावते आणि अक्षरांना आपोआप ओळ मिळते. अडचण मात्रा, वेलांट्या आणि उकारांची. तीन सेंटिमीटरहूनही बारीक नळीचा कडेकडचा भाग वळून जातो; समोरून सरळ वाचता येतो तो मधला दीड-दोन सेंटिमीटरचा पट्टा. त्यात वर मात्रा आणि खाली उकार सामावायचे तर मूळ अक्षर लहान करावे लागते. त्यामुळे वर-खाली चिन्हे नसलेले छोटे नाव ठळक लिहिता येते, आणि रंग फ्रेमवरच्या दुसऱ्या रंगाचाच घेतला की गर्दी होत नाही.

छटा ठरली तरी ती कोणत्या प्रक्रियेने लागणार यावर तिचे रूप अवलंबून असते, आणि इथे फ्रेमचा धातू बोलतो. पावडर कोटिंगमध्ये कोरडी भुकटी विजेच्या भाराने नळीला चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळवून कडक करतात. भोसरी-चाकण किंवा नाशिकच्या अंबडसारख्या औद्योगिक भागांत हे काम सहज होते. फर्निचर आणि यंत्रांचे भाग रंगवणारी शेडच फ्रेमही रंगवून देते. हा थर चिवट आणि स्वस्त, पण जाड असतो. वेल्ड केलेल्या दणकट फ्रेमला तो उत्तम. लगच्या कातीव कडा मात्र त्याखाली बोथट होतात. कार्बन फ्रेमच्या एपॉक्सी राळेला ही उष्णता सोसत नाही, म्हणून तिला ओला रंगच द्यावा लागतो. जुन्या फ्रेमवरचा पोचा साध्या पुटीने बुजवलेला असेल तर तीही भट्टीत टिकत नाही, तेव्हा हे आधी सांगावे.

ओल्या रंगात प्राइमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर असे टप्पे असतात, आणि खरी श्रीमंती इथेच मिळते. कँडी प्रकारात आधी चंदेरी किंवा सोनेरी थर देतात आणि त्यावर रंगीत पण पारदर्शक थर चढवत जातात. प्रत्येक थराने छटा गडद होते, त्यामुळे फ्रेम आणि चिमटा वेगवेगळ्या दिवशी रंगवले तर ते जुळणे कठीण. असा लाल किंवा निळा उन्हात आतून पेटल्यासारखा दिसतो, पण पुढे एखादा टवका उडाला तर तो बेमालूम बुजवता येत नाही, आणि कडक उन्हात वर्षानुवर्षे उभी राहणारी सायकल फिकी पडत जाते. मोतिया झाक अभ्रकाच्या सूक्ष्म कणांनी येते. ती पांढऱ्यावर आणि फिकट रंगांवर सौम्य, काळ्यावर नाट्यमय. पिवळा, गुलाबी आणि फ्लुरोसंट रंग खालचा थर झाकत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली पांढरा थर लागतोच. टायटॅनियमची गोष्ट निराळी. त्याला रंग न लावताही रंग येतो: द्रावणात बुडवून विजेचा दाब दिला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि त्याच्या जाडीनुसार प्रकाशातून रंग उमटतात. पंधरा-वीस व्होल्टला तांबूस सोनेरी, तिसाच्या आसपास निळा, साठाच्या मागेपुढे पिवळा, मग गुलाबी, शंभराच्या जवळ हिरवा. खरा लाल कोणत्याही दाबाला मिळत नाही, तेव्हा टायटॅनियमवर लाल हवा असेल तर तो रंगानेच द्यावा लागतो.

सायकल कुठे चालणार हा प्रश्न चवीच्या प्रश्नाइतकाच खरा आहे. कोकणातला तांबडा चिखल पांढऱ्या आणि आकाशी फ्रेमवर लगेच उठून दिसतो, विटकरी आणि तपकिरी रंगांत तो लपतो. देशावरच्या काळ्या मातीचे शिंतोडे गडद रंग सांभाळून घेतात. मुंबई, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत क्रोमला पुळ्या येऊन गंज धरतो. तिथे चंदेरीपणा हवा असेल तर तो रंगाने आणावा. चेनच्या बाजूची मागची खालची नळी क्रोम करण्याची इटालियन रीत मात्र विचारपूर्वक आलेली आहे, कारण उसळणारी चेन तिथेच आपटते आणि रंग उडवते. क्रोम परवडत नसेल तर ती एक नळी गडद ठेवावी, म्हणजे तेलाची काजळी दिसत नाही. मॅट रंग सध्या लोकप्रिय आहे, पण त्यावर तेलकट बोटे उमटतात, दसऱ्याच्या पूजेचे हळदकुंकू त्यात मुरते आणि पॉलिश करून ओरखडा काढायला गेले तर तेवढीच जागा चकाकू लागते. रोज वापरायच्या सायकलीला चकचकीत थरच चांगला.

रस्त्यावर दिसणे हाही रंगाचा भाग आहे, आणि त्याबद्दल गैरसमज फार. दिवसा डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो. संधिप्रकाशात ही संवेदना निळसर हिरव्याकडे सरकते. चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याची नोंद केली. म्हणून भर दुपारी डोळ्यांत भरणारी लाल सायकल सूर्य मावळताच सगळ्यांच्या आधी काळी पडते. फ्लुरोसंट रंग अतिनील किरणांवर उजळतात, त्यामुळे ढगाळ सकाळी ते फार कामाचे, पण रात्री त्यांचा काही उपयोग नाही. पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळी फ्रेम काळी दिसते. अंधारात उपयोगी पडतात ते दिवे आणि परावर्तक पट्ट्या, आणि त्याही पायडल, आरे अशा हलत्या भागांवर. बारीक नळ्यांच्या रंगावर रात्रीची सुरक्षितता सोपवू नये.

रंगाऱ्याला छटा सांगताना ‘पोपटी’ किंवा ‘गुलबक्षी’ म्हणून भागत नाही. जर्मनीत १९२७ मध्ये चाळीस रंगांनिशी सुरू झालेली, रंगांना क्रमांक देणारी आर.ए.एल. पद्धत आज पावडर कोटिंगच्या धंद्यात जगभर चालते. तिथला ९००५ म्हणजे गडद काळा, १०२३ म्हणजे वाहतूक-पिवळा. क्रमांकावर मात्र थांबू नये. फ्रेमच्या नळीएवढ्याच जाडीच्या नळीचा वीतभर तुकडा त्याच प्रक्रियेने, त्याच थरांनी रंगवून मागावा, थोडे पैसे मोजावे लागले तरी. तो तुकडा निवडलेल्या सीटशेजारी आणि टायरशेजारी धरून सकाळी उन्हात, दुपारी सावलीत आणि संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याखाली पाहावा. दुकानाच्या दिव्याखाली घेतलेला निर्णय उन्हात बदलावासा वाटला, तर तो अजून बदलता येतो.

फ्रेम रंगाला जाण्यापूर्वी काय झाकायचे ते रंगाऱ्याला लिहून द्यावे: क्रँकच्या खोबणीचे आटे, हँडलच्या वाट्या बसतात त्या कडा, सीटची दांडी सरकते ती नळी आतून, डिस्क ब्रेकच्या बैठका, चाकाच्या अक्षाची टोके. फर्निचर रंगवणाऱ्या शेडला ही सवय नसते, आणि आट्यांत पावडर भाजली गेली की ती टॅप फिरवून काढावी लागते. ओला रंग वरून सुकला तरी आतून कडक व्हायला बरेच दिवस लागतात. तोवर फ्रेम स्टँडच्या जबड्यात धरू नये, धरायचीच तर सीटच्या दांडीला. ब्रेकची आणि गिअरची वायर जिथे घासते तिथे पारदर्शक पट्टी पहिल्या दिवशीच चिकटवावी. छटेचा क्रमांक, कंपनी आणि थरांचा क्रम वहीत टिपून ठेवावा, ओला रंग असेल तर उरलेला थोडासा घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्यावा. पावडर कोटिंगला पावडरने ठिगळ लावता येत नाही. त्याच क्रमांकाचे ओले इनॅमल बारीक ब्रशने लावावे लागते, आणि नळी पोलादी असेल तर आधी गंज खरवडून प्राइमरचा ठिपका देऊन.